घर शेवटी बघा: डोंबिवली–बदलापूर पट्ट्यात भाड्याने राहायला येणाऱ्यांसाठी

गेल्या तेरा वर्षांत आम्ही चार भाड्याच्या घरांत राहिलो. डोंबिवली पूर्वेला दोन, पश्चिमेला एक आणि आता बदलापूर. पहिलं घर वीस मिनिटांत पसंत केलं होतं. रविवारी दुपारी गेलो, एजंटने कुलूप उघडलं, हॉलमध्ये छान उजेड होता, ओटा नवा होता, भाडं खिशाला परवडत होतं. लगेच टोकन देऊन आलो. राहायला गेल्यावर कळलं की पाणी सकाळी सहा ते पावणेसात एवढंच येतं आणि चौथ्या मजल्यावर त्याला जोर नसतो. संध्याकाळी रिक्षाच्या रांगेत पंचवीस मिनिटं जातात. पावसाळ्यात बेडरूमची भिंत हाताला ओली लागते. आम्ही फक्त घर बघितलं होतं, त्याच्या आजूबाजूचं काहीच बघितलं नव्हतं.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी हेच सांगते: घर शेवटी बघा. आधी गाडी, मग स्टेशन ते घर हा रस्ता, मग पाणी, मग इमारत आणि मालक, आणि या सगळ्यातून पार झालेली दोन-तीन घरं तेवढी आतून बघा. त्याच क्रमाने लिहिते.

गाडी

मुंबईच्या सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर, कल्याण ५४ आणि बदलापूर ६८. पण अंतरावरून काही ठरवू नका. कल्याणच्या पुढे रुळांना दोन फाटे फुटतात, एक कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे. म्हणजे कल्याणपर्यंत जितक्या गाड्या येतात तितक्या बदलापूर किंवा टिटवाळ्याला येत नाहीत. एक गाडी चुकली तर पुढची कितीने आहे, हे बदलापूरकराला तोंडपाठ असतं आणि डोंबिवलीकराला त्याची फारशी पर्वा नसते. उलट बदलापूरहून सुटणारी गाडी धरली तर बसायला मिळतं. डोंबिवलीला मागून येणारी जलद गाडी मात्र सकाळी आठ ते साडेनऊ या वेळात दाराशी लोंबकळणारी माणसं घेऊनच फलाटावर येते. तिथे चढणं हे रोजचं कष्टाचं काम आहे, आणि गाडीतून पडून दरवर्षी माणसं जातात. हा विषय भाड्याच्या हिशेबाच्या आधी येतो.

म्हणून पहिली पायरी ही: घर ठरवण्याआधी एका कामाच्या दिवशी, तुमच्या नेहमीच्या वेळेला, त्या स्टेशनवरून ऑफिसला जाऊन या. संध्याकाळी परतही या. जमत असेल तर दोन दिवस करा. घरात लहान मूल असेल किंवा पाठीचं दुखणं असेल तर त्या गाडीत उभं राहून हे रोज झेपेल का, ते स्वतःला विचारा. नवरा-बायको दोघं नोकरी करणारी असली तर दोघांनीही हा प्रवास करून बघायला हवा, कारण लेडीज डब्याची गर्दी आणि जनरलची गर्दी वेगवेगळ्या वेळी होते. रविवारचा मेगाब्लॉकही (रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा कमी) लक्षात ठेवा. रविवारी ड्यूटी असणाऱ्यांना तो फार छळतो.

स्टेशन ते घर

इथे पूर्व आणि पश्चिम ही जवळजवळ दोन वेगळी गावं आहेत. शाळा, दवाखाना, भाजीबाजार, आईवडील यांपैकी जे रोज लागतं ते ज्या बाजूला, त्याच बाजूला घर घ्या. डोंबिवलीत पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल धोकादायक ठरल्यामुळे २०१९ मध्ये वाहनांसाठी बंद झाला आणि नवा पूल २०२१ मध्ये सुरू झाला. मधली दोन वर्षं ठाकुर्लीच्या पुलावरची रांग ज्यांनी रोज सोसली, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

एजंट म्हणतो, ‘स्टेशनपासून दहा मिनिटं.’ ती रिक्षाची असतात का पायी, हे विचारा आणि मग स्वतः चाला. हिशेब सोपा आहे. शेअर रिक्षाचे माणशी १५ रुपये धरले तर दोघांचे जाऊन-येऊन दिवसाला ६० आणि पंचवीस दिवसांचे १,५०० रुपये होतात. म्हणजे चालत जाता येईल अशा घराचं भाडं १,५०० ने जास्त असलं तरी ते महाग नाही, वर रिक्षाच्या रांगेतला वेळ वाचतो. शीळ रस्त्यावरच्या मोठ्या टाउनशिपमध्ये बाग, लिफ्ट, पार्किंग सगळं सुरेख असतं. पण तिथून स्टेशन गाठायला बस किंवा रिक्षा हवीच, आणि तो रस्ता तुंबला की गाडी चुकते. घरून काम करणाऱ्यांना ती घरं उत्तम. रोज मुंबईला जाणाऱ्यांनी मात्र दोनदा विचार करावा.

रात्री साडेदहानंतर त्या रस्त्याने एकदा चालून बघा. दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, शेवटची शेअर रिक्षा कधी मिळते. उशिरा परतणाऱ्या मुलीसाठी किंवा बाईसाठी हे फ्लॅटच्या टाइल्सपेक्षा दहापट महत्त्वाचं आहे.

पाणी, पूर आणि वास

पाण्याची चौकशी एजंटकडे करू नका आणि मालकाकडेही करू नका. इमारतीच्या वॉचमनला विचारा, नाहीतर पाणी सोडणाऱ्या माणसाला. ‘पाणी किती वाजता सोडता, किती वेळ, वरच्या मजल्यावर जोर असतो का, एप्रिल-मेमध्ये टँकर येतो का?’ हे चार प्रश्न पुरतात. टँकर येत असेल तर त्याचे पैसे मेंटेनन्समधून जातात का वेगळे गोळा करतात, तेही विचारा. कल्याण-डोंबिवलीत बहुतेक भागाला महापालिकेचं पाणी आहे, निवासी एमआयडीसी भागाला एमआयडीसीचं, तर अंबरनाथ-बदलापूरला जीवन प्राधिकरणाचं. त्यामुळे शेजारच्या दोन वस्त्यांचं पाणी वेगळ्या वेळी येतं आणि वेगळ्या दिवशी जातं. दुरुस्तीचा ‘शटडाऊन’ जाहीर झाला की तो दिवस कोरडा जातोच, पण दुसऱ्या दिवशीही पाणी कमी दाबाने येतं. घरात निदान दोन दिवसांचं पाणी मावेल अशी लॉफ्टवरची टाकी किंवा पिंपासाठी जागा हवी.

पहिल्या घरातली एक सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. सहा वाजून दहा मिनिटं, नळाला करंगळीएवढी धार, खाली बादली. बादली भरायला चार मिनिटं लागायची. मी घड्याळाकडे बघत हिशेब करत होते की पावणेसातपर्यंत आठ बादल्या होतील, त्यातल्या दोन कपड्यांना. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दारातूनच हाक मारली, “अगं, आमचा नळ फुल आहे, पाइप लाव वरून!” त्या पाइपवर आम्ही अकरा महिने काढले.

पुराचं वेगळं बघावं लागतं. उल्हास नदी बदलापूरला अगदी खेटून वाहते. २६ जुलै २००५ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्याच दिवशी नदीजवळच्या वस्त्यांत तळमजल्यांवर पाणी होतं. इमारतीत जुन्या राहणाऱ्याला नुसतं विचारा, ‘२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ माणसं हात उंच करून दाखवतात. तळमजला आणि पार्किंगमधली दुचाकी या दोन्हींचा निर्णय त्या हाताच्या उंचीवर घ्या.

डोंबिवली एमआयडीसीच्या जवळ भाडं परवडतं, रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत. पण रासायनिक कारखाने तिथेच आहेत. मे २०१६ आणि मे २०२४ मधल्या स्फोटांनी लांबवरच्या इमारतींच्या काचा फोडल्या. मी तिथे राहू नका असं म्हणत नाही, माझी सख्खी मावशी तिथे वर्षानुवर्षं राहते. पण दिवसा एकदा आणि रात्री उशिरा एकदा जाऊन वास घ्या. घरात दम्याचं माणूस असेल तर हे टाळू नका.

इमारत आणि मालक

भाडेकरूला इमारतीच्या कागदांशी काय देणंघेणं, असं वाटतं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश दिले. बनावट परवानग्या दाखवून रेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या त्या इमारती. तिथे घर विकत घेतलेल्यांची अवस्था तर वाईट झालीच, पण भाडेकरूंनाही सामान कुठे हलवायचं हा प्रश्न पडला. म्हणून मालकाकडे नम्रपणे मागा: फ्लॅटच्या खरेदीखताची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीची मेंटेनन्सची ताजी पावती, मालमत्ता कराची पावती आणि विजेचं शेवटचं बिल. या चारही कागदांवर एकच नाव हवं, आणि तुमच्याशी बोलणारा माणूस तोच हवा. तो नसेल आणि ‘मी भाऊ आहे’, ‘मी मॅनेजर आहे’ म्हणत असेल तर कुलमुखत्यारपत्र बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

इथे एका गोष्टीवर मला जोर देऊन बोलायचं आहे: हेवी डिपॉझिट. ‘पाच लाख द्या, भाडं नको, दोन वर्षांनी पाच लाख परत.’ ऐकायला सोन्यासारखं. पण तो मालक ते पैसे घेऊन कर्ज फेडतो, दुसरीकडे गुंतवतो, आणि मुदत संपली की ‘नवा भाडेकरू मिळाला की त्याच्या पैशातून देतो’ म्हणतो. कधी तर घर बँकेकडे गहाण असतं, हप्ते थकलेले असतात आणि एक दिवस दारावर बँकेची नोटीस लागते. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाची अशी आयुष्याची पुंजी अडकली, आणि चार वर्षं झाली तरी पूर्ण परत आलेली नाही. साधं डिपॉझिट द्या, दरमहा भाडं द्या. तुमचे जास्तीत जास्त किती पैसे बुडू शकतात, तो आकडा लहान ठेवा.

एजंटची दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी असते. ती करार झाल्यावर द्यायची, टोकनबरोबर नाही. आणि आधीच विचारून ठेवा की अकरा महिन्यांनी करार नव्याने करताना पुन्हा दलाली मागणार का. बरेच जण मागतात.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना मला आजही राग येतो. नाव, जात, धर्म, खाणंपिणं, लग्न झालं का, यावरून इथे घरं नाकारली जातात. एकट्या मुलींना आणि मुसलमान कुटुंबांना तर तोंडावर ‘सोसायटी देत नाही’ सांगतात. हे चुकीचं आहे आणि ते बदलायला हवं. तोपर्यंत तुमचा वेळ आणि मान राखण्यासाठी फोनवरच स्पष्ट सांगा, आम्ही कोण, किती जण, मासे-मटण खातो. ज्याला चालत नाही त्याच्याकडे कशाला चकरा मारायच्या?

आता घर

इतकं झाल्यावर आत जा, शक्यतो पावसाळ्यात किंवा पावसाळा संपल्या-संपल्या. ओल लपवायला रंग पुरतो, पण हात फसत नाही. खिडकीच्या खालच्या भिंतीवर, बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर आणि वरच्या मजल्यावर असाल तर छताला तळवा टेकवा. थंड आणि दमट लागलं, किंवा रंगाला पापुद्रे असले, की तिथे जुलैत पाणी उतरणार. सगळे नळ एकदम उघडा, फ्लश ओढा, सिंकचं पाणी किती वेळाने जातं ते बघा. प्रत्येक बटण दाबा, गिझरचंही. फोनला किती रेंज येते, ते आतल्या खोलीत जाऊन बघा. गॅसची पाइपलाइन असेल तर बिल थकलंय का विचारा. दुपारी चार वाजता पश्चिमेचं ऊन कुठल्या खोलीत येतं हेही बघा, कारण मे महिन्यात त्या खोलीत झोप लागत नाही.

करार

‘अकरा महिन्यांचा करार असला की रजिस्टर करावा लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून काम भागवायला मालक सांगत असेल तर हे कलम त्याला वाचून दाखवा.

खर्च फार नाही. एकूण भाडं, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज मिळवून जी रक्कम येते, तिच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. भाडं १४,००० आणि डिपॉझिट ५०,००० धरलं तर अकरा महिन्यांचं भाडं १,५४,०००, व्याज साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे शुल्क सुमारे ४०० रुपये. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५००. वर करार बनवणाऱ्याची मजुरी. अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन माणूस घरी येतो, आधारवरून ओळख पटते आणि काही दिवसांत इंडेक्स टूसह कराराची पीडीएफ मिळते. खर्च कोण करणार हे आधी बोलून घ्या. आमच्याकडे अर्धा-अर्धा झाला.

करारात तुम्हाला ‘लायसेन्सी’ म्हटलेलं असेल, भाडेकरू नाही. तो नुसता शब्दांचा फरक नाही. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तुमच्याकडून दुप्पट भाडं वसूल होऊ शकतं. त्यामुळे नूतनीकरणाचं बोलणं मुदतीच्या दीड महिना आधी सुरू करा. सही करण्याआधी या गोष्टी लेखी आहेत ना बघा: मेंटेनन्स कोण भरणार, नोटीस एक महिन्याची का दोन, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) आहे का, मोठी दुरुस्ती कोणाची, सोडताना रंगाचे पैसे कापणार का आणि किती, डिपॉझिट कधी परत. शेवटच्या मुद्द्यावर मी ‘किल्ली देण्याच्या दिवशी’ असं लिहून घेते.

घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून जादा आकार घेते, तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा सरकारचा २००१ चा आदेश आहे. कोणी तुमच्याकडून ‘टेनंट चार्ज’ म्हणून वाटेल तो आकडा मागत असेल तर ही मर्यादा सांगा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं हे मालकाचं काम आहे आणि ते ऑनलाइनही होतं. त्याची प्रत स्वतःकडे ठेवा, सोसायटी पहिल्याच दिवशी मागते.

हाच करार पुढे सगळीकडे लागतो: आधारवरचा पत्ता बदलायला, गॅसला, शाळेच्या प्रवेशाला, जुन्या करप्रणालीत घरभाड्याची सवलत घ्यायला. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन ऑफिसला द्यावा लागतो, तोही सही करतानाच मागून घ्या. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८ भरा. भाड्याने राहणाऱ्यांनी मत कुठेतरी जुन्या गावात ठेवू नये. इथलं पाणी, इथला पूल आपणच वापरतो.

पहिला दिवस आणि पुढे

सामान वर चढवण्याआधी मोबाइल काढा. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, प्रत्येक डागाचा, तडा गेलेल्या टाइलचा, सैल बिजागरीचा फोटो, विजेच्या मीटरचं रीडिंग. हे सगळं त्याच संध्याकाळी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा: ‘काका, घर ताब्यात मिळालं, सोबत फोटो.’ गोड भाषेत, पण लेखी. तिसरं घर सोडताना मालकीणबाईंनी कपाटामागच्या ओलीच्या डागाचे आठ हजार कापायचे म्हटलं. मी तीन वर्षांपूर्वीचा तोच फोटो दाखवला, डाग तेवढाच होता, अगदी डाव्या कोपऱ्यातल्या खिळ्यासकट. त्या दोन मिनिटं बघत राहिल्या आणि मग पूर्ण डिपॉझिटचा चेक लिहिला. जाताना चहाही दिला.

महावितरणचं बिल मालकाच्या नावावर असतं. ग्राहक क्रमांक अॅपमध्ये घालून तुम्ही ते भरू शकता. वर्षातून एकदा जादा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, ते मालकाचं, कारण ठेव त्याच्या नावावर जमा होते. भाडं नेहमी बँकेतून द्या, रोखीने नाही.

आणि शेजार. राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्याच मजल्यावरची तीनही दारं वाजवा, नाव सांगा, फोन नंबर द्या. कचरा ओला-सुका कुठे ठेवायचा, घंटागाडी किती वाजता येते, गाडी कुठे लावायची, हे त्यांच्याकडून कळतं. सोसायटीच्या सभेत मत नसलं तरी गणपतीच्या वर्गणीला आणि कोजागिरीच्या दुधाला भाडेकरूला कोणी परकं ठेवत नाही. डोंबिवलीत असाल तर दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जाऊन याच. नवे कपडे घातलेली सगळी गर्दी गणपती मंदिराकडे निघालेली बघितली की हे गाव आपलं वाटायला लागतं. मला तिसऱ्या दिवाळीला वाटलं.

घर सोडताना

नोटीस व्हॉट्सअॅपवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे द्या, तारखेसह. शेवटच्या महिन्याचं भाडं ‘डिपॉझिटमधून वळतं करा’ म्हणू नका, भांडण तिथूनच सुरू होतं. वीज आणि गॅसची शेवटची रीडिंग घेऊन बिलं भरा आणि पावत्या मालकाला पाठवा. सिलेंडर असेल तर त्याच एजन्सीच्या भागात पत्ता बदलतो का कनेक्शन हलवावं लागतं, ते आठवडाभर आधी विचारा. घर झाडून-पुसून रिकामं झालं की मालकाला बोलवा, पहिल्या दिवसाचा व्हिडिओ सोबत लावून एकेक खोली दाखवा, हिशेब कागदावर लिहा, दोघांनी सही करा. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला की मग किल्ल्या द्या. मुख्य दाराच्या, ग्रिलच्या, मीटरबॉक्सच्या आणि लेटरबॉक्सच्या, मोजून.